शिवाजी गणेशन यांचे चित्रपट घरबसल्या : एका ऑनलाइन सेवेचे परीक्षण

दक्षिण भारतीय भाषांतील जुने चित्रपट वर्गणी घेऊन दाखवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने तमिळ चित्रपटसृष्टीतील थोर नट शिवाजी गणेशन यांच्या चित्रपटांचा स्वतंत्र विभाग तयार केला आहे. सेवेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या उणिवा पुढे मांडायच्या आहेत त्या जुने चित्रपट दाखवणाऱ्या बहुतेक सेवांमध्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात आणि एकट्या कोणाला दोष देऊन काही साधणार नाही. ज्याला तमिळ येत नाही, पण नाटक आणि अभिनय यांविषयी मनापासून आस्था आहे, अशा मराठी प्रेक्षकाला हा नट या विभागातून कितपत भेटतो, एवढाच प्रश्न समोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे. उत्तर आधीच सांगायचे तर डोळ्यांना तो पुष्कळ भेटतो, कानांना अर्धामुर्धा भेटतो आणि सबटायटल्सच्या आधारावर विसंबलेल्याला फारच थोडा भेटतो. शिवाजी गणेशन यांची सारी कीर्ती मुळात बोललेल्या शब्दावर उभी असल्यामुळे ही तिसरी उणीव गंभीर आहे.

विभागाच्या पहिल्या पानावर नटाची ओळख चारपाच ओळींत उरकलेली आहे. जन्म, मृत्यू, पुरस्कार आणि नडिगर तिलगम (नटांचा तिलक) ही लोकांनी बहाल केलेली उपाधी, एवढ्यावर ती थांबते. एखाद्या नटाचे चित्रपट विकताना त्याची घडण कशी झाली हे सांगण्याची गरज सेवेला वाटली नसावी. प्रत्यक्षात ती घडण ठाऊक असल्याशिवाय पहिल्या काळातील चित्रपट नीट कळत नाहीत. विळुप्पुरम चिन्नय्या गणेशन यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1928 रोजी झाला. लहान वयातच ते घर सोडून मुलांच्या फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी तमिळ प्रांतात अशा मंडळ्यांना बॉइज कंपनी म्हणत. मुलांनी मंडळीतच राहायचे, तेथेच गाणे, नाच, शब्दोच्चार आणि पाठांतर शिकायचे आणि मिळेल ती भूमिका करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. गणेशन यांच्या वाट्याला सुरुवातीला आली ती सीतेची भूमिका. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाविषयी वेगळे काही सांगायला नको. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या नटाच्या हातांच्या हालचालींत, मान वळवण्यात आणि डोळ्यांच्या कामात शेवटपर्यंत जी नजाकत राहिली, तिचे मूळ या शिक्षणात आहे आणि चाळिशी-पन्नाशीतल्या भारदस्त भूमिकांतही ती अधूनमधून दिसत राहते.

नावाची कथा तर मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे आणि सेवेने तिचा उल्लेखही केलेला नाही. 1940च्या दशकात द्रविड चळवळीतले नेते आणि लेखक सी. एन. अण्णादुरै यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर एक नाटक लिहिले. त्यात महाराजांची भूमिका तरुण गणेशन यांनी केली आणि गागाभट्टांची भूमिका स्वतः अण्णादुरै यांनी केली. हे नाटक पाहून त्या चळवळीचे अध्वर्यू पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी या तरुणाला शिवाजी म्हणून संबोधले आणि पुढे आयुष्यभर तेच नाव राहिले. आपल्याकडच्या ऐतिहासिक नाटकांत महाराजांची जी प्रतिमा रंगवली गेली, तिच्यापेक्षा या नाटकाचा रोख निराळा होता. द्रविड चळवळीच्या दृष्टीतून लिहिलेल्या या नाटकाचा गाभा राज्याभिषेकाला झालेला पुरोहितांचा विरोध हा होता. म्हणजे ज्या नटाला आपण शिवाजी या नावाने ओळखतो, त्याला ते नाव मिळाले एका वादळी सामाजिक चळवळीच्या रंगमंचावर, आणि त्या चळवळीची भाषा, तिचा आवेश, तिची यमकानुप्रासांनी भरलेली वक्तृत्वशैली हेच त्याच्या पहिल्या चित्रपटांचे भांडवल होते.

17 ऑक्टोबर 1952 रोजी, दिवाळीच्या मोसमात प्रदर्शित झालेला ‘पराशक्ती’ हा त्यांचा पहिला चित्रपट. संवाद त्याच चळवळीतले लेखक एम. करुणानिधी यांचे, दिग्दर्शन कृष्णन-पंजू या जोडीचे. निर्माते पी. ए. पेरुमाळ यांनी या नवख्या नटाचा आग्रह धरला. चित्रपटात भागीदार असलेल्या एव्हीएम स्टुडिओच्या ए. व्ही. मेय्यप्पन यांना मात्र हा किरकोळ अंगाचा तरुण फारसा पसंत नव्हता. पेरुमाळ यांनी आपले म्हणणे सोडले नाही आणि शिवाजी यांनीही हे उपकार कधी विसरले नाहीत. पोंगलला ते पेरुमाळ यांच्या घरी जात असत. रंगूनहून मद्रासला आलेला, लुबाडला गेलेला, वेड्याचे सोंग घेऊन समाजाला प्रश्न विचारणारा गुणशेखरन या चित्रपटात शेवटी न्यायालयात उभा राहून जे प्रदीर्घ भाषण करतो, ते तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तोंडपाठ केले. नवे नट आपली पात्रता दाखवण्यासाठी तेच म्हणून दाखवत.

आता या प्रसंगाचे सेवेने काय केले आहे ते पाहू. चित्रपटाची प्रत बरी आहे. काही ठिकाणी ओरखडे आहेत, पण चेहरा स्पष्ट दिसतो. इंग्रजी सबटायटल्स आहेत. मात्र न्यायालयातील भाषण सुरू झाले की नट एका दमात पाच-सहा वाक्ये बोलून जातो आणि खाली एकच सुटसुटीत ओळ उमटते, तीही कधी उशिरा, कधी त्याच्या आधी. वाक्यांची चढण, एकाच ध्वनीची पुनरावृत्ती, मध्येच आवाज खाली आणून पुढच्या शब्दाला उंचावर नेणे, यांतले काहीच त्या ओळीत नाही. आशय कळतो की हा मनुष्य आपल्या बहिणीवर झालेल्या अन्यायाविषयी बोलतो आहे. पण आशय तर कथासारातही मिळाला असता. सबटायटल्स लिहिणाऱ्याने दृश्यातील माहिती पुरवणे हेच आपले काम मानले आहे आणि वक्तृत्व हे स्वतःच येथे कृती आहे, याची त्याला जाणीव नाही. 1954 सालच्या ‘मनोहरा’मध्ये साखळदंडांनी जखडलेला राजपुत्र भर दरबारात बोलतो, तेथेही हाच प्रकार आहे. अशा वेळी एक उपाय सुचवावासा वाटतो : हे दोन प्रसंग एकदा सबटायटल्ससह पाहून अर्थ समजून घ्यावा आणि लगेच सबटायटल्स बंद करून पुन्हा ऐकावेत. भाषा न समजताही त्या आवाजाची मांडणी ऐकू येते. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानाला ती विशेष कळेल, कारण श्वास कोठे घ्यायचा आणि सम कोठे गाठायची याचा हिशेब या नटाने गवयासारखा केलेला आहे.

‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ हा 1959 सालचा रंगीत चित्रपट या संग्रहाचा मानबिंदू म्हणून पुढे मांडला आहे आणि ते योग्यच आहे. बी. आर. पंतुलु यांचे दिग्दर्शन आणि शक्ती कृष्णस्वामी यांचे संवाद असलेल्या या चित्रपटासाठी 1960 साली कैरो येथील आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात शिवाजी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पांचालंकुरिचीचा पाळेयक्कार, म्हणजे पाळेगार, कट्टबोम्मन याने ईस्ट इंडिया कंपनीला कर देण्यास नकार दिला आणि 1799 साली कयत्तार येथे त्याला फाशी देण्यात आली, हा इतिहास. कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर बसून, तू आमच्या शेतात राबलास का, पेरणी केलीस का, असे एकापाठोपाठ एक प्रश्न विचारत कट्टबोम्मन त्याचा कराचा हक्क धुडकावतो, तो प्रसंग तमिळनाडूत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. येथे सबटायटल्स तुलनेने बरी आहेत, बहुधा प्रश्नोत्तरांची वाक्ये आखूड असल्यामुळे. शिवाजी यांचे या व्यक्तिरेखेशी असलेले नाते चित्रपटापुरते नव्हते; लहानपणी कट्टबोम्मनचा खेळ पाहूनच नट व्हावे असे त्यांना वाटले होते आणि पुढे 1970 साली कयत्तार येथे कट्टबोम्मनचा पुतळाही त्यांनी उभारला. हे सारे चित्रपटाच्या पानावर दोन ओळींत सांगता आले असते.

चित्रांच्या बाबतीत सेवेची कामगिरी संमिश्र आहे आणि येथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. 1950च्या दशकातील चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेले होते. तमिळमधला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट, ज्यात शिवाजी यांनीच राजराज चोळाची भूमिका केली, तो 1973 साली आला. जुन्या चौकटीतले चित्र आजच्या रुंद पडद्यावर दाखवायचे तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे हाच प्रामाणिक मार्ग असतो. सेवेने काही चित्रपटांबाबत तो पाळला आहे. काही चित्रपटांत मात्र पडदा भरावा म्हणून चित्राचा वरचा आणि खालचा भाग छाटून टाकलेला आहे. दुसऱ्या एखाद्या नटाच्या बाबतीत हे खपून गेले असते. शिवाजी गणेशन हा पायांपासून डोक्यापर्यंत अभिनय करणारा नट होता. राजाची चाल वेगळी, बॅरिस्टरची वेगळी, म्हाताऱ्या पोलीस अधिकाऱ्याची वेगळी, आणि तमिळ प्रेक्षक चित्रपटगृहात केवळ या चालींसाठी टाळ्या वाजवत असे. चौकट छाटली की पाय जातात, आणि समीपदृश्यांत कपाळ जाते. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आणि भुवया यांना त्यांच्या अभिनयात जेवढे काम आहे तेवढे फार थोड्या नटांच्या बाबतीत असेल. वर्गणीदाराला मूळ चौकट निवडण्याची सोय द्यायला हवी होती.

याच्या उलट उदाहरण म्हणून ‘कर्णन’कडे बोट दाखवता येईल. पंतुलु यांचा हा 1964 सालचा भव्य पौराणिक चित्रपट 2012 साली दुरुस्त करून, नव्या ध्वनीसह पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला आणि जवळजवळ अर्धशतकानंतर त्याला नव्या पिढीने गर्दी केली. सेवेवर हीच दुरुस्त प्रत आहे. रंग स्थिर आहेत, रथ आणि सैन्याची दृश्ये स्वच्छ दिसतात, एन. टी. रामराव यांचा मिस्किल कृष्ण आणि शिवाजींचा अस्वस्थ, अभिमानी कर्ण समोरासमोर आले की दोन अभिनयपद्धतींतला फरक नजरेत भरतो. रामराव जवळजवळ काहीच करत नाहीत, नुसते हसतात, आणि तरीही दृश्य त्यांच्याकडे झुकते. शिवाजी प्रत्येक ओळ कमावून घेतात. हे कुणाचे उणे दाखवण्यासाठी लिहीत नाही. जुन्या चित्रपटावर मेहनत घेतली की त्याच्यातले असे बारकावे दिसू लागतात, एवढेच. बाकीच्या चित्रपटांचे असे भाग्य अजून उजाडलेले नाही.

गाण्यांविषयी मात्र तक्रार मोठी आहे. संग्रहातील बहुतेक चित्रपटांत गाणे सुरू झाले की सबटायटल्स थांबतात आणि गाणे संपले की पुन्हा सुरू होतात. ज्या चित्रपटसृष्टीत कण्णदासन यांच्यासारखा कवी चित्रपटाचे तत्त्वज्ञान गाण्यातून सांगत होता, तेथे गाणे म्हणजे विश्रांती असे समजणे चुकीचे आहे. टी. एम. सौंदरराजन यांचे पार्श्वगायन आणि शिवाजी यांचे ओठ हा मेळ इतका नेमका होता की दोन निरनिराळी माणसे गात आणि बोलत आहेत हे विसरायला होते; ते मेळाचे सौंदर्य शब्दांशिवायही पोहोचते, पण गाण्याच्या आधीचा मनुष्य आणि नंतरचा मनुष्य यांत जो बदल झाला त्याचे कारण परभाषिक प्रेक्षकाला कळत नाही.

या संग्रहात एकच चित्रपट पाहायचा ठरवला तर मी ‘तिल्लाना मोहनांबाळ’ सांगेन. तेथे भाषेची अडचण सर्वांत कमी होते. कोत्तमंगलम सुब्बू यांच्या ‘आनंद विकटन’मध्ये क्रमशः आलेल्या कादंबरीवरून ए. पी. नागराजन यांनी 1968 साली केलेला हा चित्रपट सनईच्या जातीचे नादस्वर वाजवणाऱ्या एका मानी वादकाची आणि तितक्याच मानी नर्तकीची गोष्ट आहे. नर्तकी पद्मिनी, तर नादस्वराच्या साथीचे तविल हे तालवाद्य वाजवणारे टी. एस. बालय्या. प्रत्यक्ष नादस्वर वाजवले ते मदुरैच्या सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंनी. पडद्यावर मात्र शिवाजी यांचे फुगलेले गाल, गळ्याच्या शिरा, श्वास घेताना क्षणभर ओठांपासून दूर होणारे वाद्य, साथीदाराकडे टाकलेला कटाक्ष हे सारे इतके खरे आहे की वादक तेच आहेत याविषयी शंका येत नाही. मंदिरांच्या उत्सवांत वाजणारे हे वाद्य, त्याच्याभोवतीचा मान, मानधनाचे रुसवेफुगवे, प्रवासातली मंडळी, यांचे चित्रण तंजावर भागातील कलाजीवनाचा दस्तऐवज म्हणूनही मोलाचे आहे. तंजावरच्या भोसले दरबाराने भरतनाट्याला दिलेला आश्रय मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्या परंपरेचा विसाव्या शतकातला लोकाभिमुख चेहरा येथे दिसतो. सुदैवाने या चित्रपटाची चौकट छाटलेली नाही.

हिंदी चित्रपट पाहून मोठा झालेल्या प्रेक्षकाला या विभागात अनेक ओळखीच्या कथा भेटतील, पण त्या ओळखीच्या आहेत हे सेवा त्याला सांगत नाही. ए. भीमसिंग यांचा ‘भाग पिरिविनै’ 1959 साली आला. एक हात लुळा असलेल्या भोळ्या भावाची ती भूमिका हिंदीत ‘खानदान’ या नावाने सुनील दत्त यांनी केली आणि त्यांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. शिवाजी यांचा शंभरावा चित्रपट ‘नवरात्री’, ज्यात त्यांनी नऊ रसांसाठी नऊ भूमिका केल्या, तो 1974 साली संजीव कुमार यांना घेऊन ‘नया दिन नई रात’ झाला. ‘तेवर मगन’मधील वृद्ध गावप्रमुख ‘विरासत’मध्ये अमरीश पुरी झाले. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येते, हिंदीत कथा आली, प्रसंग आले, कधी कधी रंगभूषाही आली, पण तमिळ नटाने प्रत्येक भूमिकेला दिलेली वेगळी बोली आली नाही. ‘नवरात्री’त महारोग्याचे, वैद्याचे आणि रस्त्यावरच्या लोकनाट्यातील नटाचे बोलणे तीन निरनिराळ्या समाजांतले आहे. सबटायटल्समध्ये तिघेही एकच इंग्रजी बोलतात.

शिवाजी गणेशन अति करतात, असा आक्षेप मराठी प्रेक्षकाकडून हमखास येणार. वास्तववादी अभिनयाची सवय लागलेल्या डोळ्यांना 1961 सालच्या ‘पासमलर’मधील भावाबहिणीचा शोक किंवा 1973 सालच्या ‘गौरवम्’मधील बॅरिस्टरची ऐट भडक वाटेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. ज्या काळी चित्रपटगृहात शेवटच्या रांगेतल्या, दिवसभर राबून आलेल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचायचे होते आणि ज्याची तालीम ध्वनिक्षेपकाशिवायच्या रंगमंचावर झाली होती, त्या नटाने आवाज आणि हालचाल मोठी ठेवली. पण तोच नट 1954 साली एस. बालचंदर यांच्या ‘अंद नाळ’मध्ये काय करतो ते पाहावे. एकही गाणे नसलेला हा चित्रपट 1943 साली मद्रासवर झालेल्या जपानी बाँबहल्ल्याच्या पार्श्वभूमीवर घडतो. सुरुवातीलाच नायकाला गोळी लागते आणि मग वेगवेगळ्या माणसांच्या जबानीतून तो आपल्याला कळत जातो. प्रत्येक जबानीत शिवाजी थोडे वेगळे आहेत, आणि कोठेही आवाज चढवत नाहीत. पदार्पणानंतर दोन वर्षांत, यशाच्या लाटेवर असताना, एका नायकाने असा अप्रिय मनुष्य रंगवणे हे धाडस होते. माझ्या मते या संग्रहाची सुरुवात येथून करावी. ‘पराशक्ती’ त्यानंतर पाहावा. सेवेने मुखपृष्ठावर पौराणिक चित्रपट पुढे ठेवले आहेत आणि ‘अंद नाळ’ शोधून काढावा लागतो.

दुसरे टोक म्हणजे 1985 सालचा ‘मुदल मरियादै’. भारतीराजा यांच्या या चित्रपटात घरात सुख नसलेला, गावात मान असलेला एक प्रौढ मनुष्य आणि नाव चालवणारी एक तरुणी यांच्यातील अबोल ओढ आहे. इळयराजा यांचे संगीत आणि नदीकाठचे गाव यांच्या मध्ये शिवाजी पुष्कळ वेळ नुसते बसलेले, चालणारे, पाहणारे दिसतात. पूर्वीचे चित्रपट पाहून मग हा पाहिला तर त्या संयमाची किंमत कळते. नुसता हाच पाहिला तर एक चांगला वयस्क नट एवढेच वाटेल. 1992 सालच्या ‘तेवर मगन’मधील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांनी त्यांचा विशेष गौरव केला, तो त्यांनी स्वीकारला नाही. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही; 1971 सालच्या चित्रपटांसाठीचा हा पुरस्कार त्यांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी एम. जी. रामचंद्रन यांना मिळाला होता. 1995 साली फ्रान्सने त्यांना शेव्हालिए हा सन्मान दिला आणि त्यानंतर 1996 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. क्रम बोलका आहे.

राजकारणाचा भाग सेवेने पूर्ण टाळला आहे. नटाचे चित्रपट दाखवणाऱ्या सेवेला राजकारण कशाला, असे कोणी म्हणेल. पण तमिळनाडूत हा प्रश्न टिकत नाही. ज्यांच्या नाटकामुळे त्यांना शिवाजी हे नाव मिळाले ते अण्णादुरै 1967 साली मुख्यमंत्री झाले, ज्यांनी ‘पराशक्ती’चे संवाद लिहिले ते करुणानिधी 1969 साली झाले, आणि पडद्यावरचे प्रतिस्पर्धी रामचंद्रन 1977 साली झाले. शिवाजी अण्णादुरै यांच्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षापासून दूर जाऊन काँग्रेसच्या, कामराज यांच्या बाजूला गेले. पुढे 1988 साली त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि 1989 सालच्या निवडणुकीत ते स्वतः तिरुवैयारू मतदारसंघात पराभूत झाले. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या पडद्यावरील प्रतिमांत याचे एक कारण सापडते. रामचंद्रन पडद्यावर सहसा हरत नसत, मरत नसत, दारू पीत नसत. प्रेक्षकाला ते नायक आणि नेता एकदमच वाटत. शिवाजी मात्र महारोगी झाले, दारुडे झाले, देशद्रोही झाले, रडले, चुकले, मेले. अशा नटाला लोक डोक्यावर घेतात, पण त्याच्या हाती राज्य देताना विचार करतात. हा माझा तर्क आहे. मात्र संग्रहातले आठदहा चित्रपट सलग पाहिले तर तो वाचकालाही पटण्यासारखा आहे.

संग्रहात काय नाही हेही सांगायला हवे. पावणेतीनशेहून अधिक चित्रपटांपैकी येथे मोजकेच आहेत, आणि निवडीमागे काही विचार आहे असे दिसत नाही. ज्यांचे हक्क मिळाले ते ठेवले, एवढाच निकष असावा. तीन भूमिका असलेला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेलेला ‘देय्व मगन’ आहे, पण त्याची प्रत धूसर आहे. त्यांच्याविषयी कोणताही माहितीपट, मुलाखत किंवा ध्वनिमुद्रण नाही. लता मंगेशकर त्यांना भाऊ मानत आणि त्या दोन घरांचे संबंध अखेरपर्यंत जिव्हाळ्याचे राहिले. अशा एखाद्या धाग्यावरून सेवेला मराठी प्रेक्षकापर्यंत सहज पोहोचता आले असते. चित्रपटांची मांडणी इंग्रजी वर्णक्रमाने आहे आणि तमिळ नावांचे इंग्रजी स्पेलिंग ठिकठिकाणी बदलत असल्यामुळे शोध घेताना एकच नाव दोनतीन प्रकारे लिहून पाहावे लागते. सालाप्रमाणे किंवा दिग्दर्शकाप्रमाणे मांडणी असती तर भीमसिंग यांचे कौटुंबिक चित्रपट, पंतुलु यांचे इतिहास-पुराण आणि नागराजन यांचे भक्तिपट असे तीन ठळक प्रवाह आपोआप दिसले असते.

जाहिराती नाहीत, चित्र मध्येच अडकत नाही, मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर आवाज अधिक भरीव येतो. वर्गणी वर्षाची घेण्यापेक्षा महिन्याची घ्यावी, कारण संग्रहात नवी भर क्वचितच पडते. त्या महिन्यात ‘अंद नाळ’, ‘भाग पिरिविनै’, ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’, ‘कर्णन’, ‘तिल्लाना मोहनांबाळ’ आणि ‘मुदल मरियादै’ हे सहा चित्रपट याच क्रमाने पाहावेत, ‘पराशक्ती’मधील न्यायालयाचा प्रसंग त्यांच्यानंतर दोनदा ऐकावा आणि छाटलेल्या चौकटीतले चित्रपट, मूळ चौकट मिळेपर्यंत, बाजूला ठेवावेत. तमिळ जाणणारा एखादा मित्र शेजारी बसवता आला, तर सबटायटल्स बंद करून त्याला गाण्यांचा अर्थ विचारावा.